विहिरीच्या पाण्यातील धागा

पाणी निर्मळ दिसले म्हणजे ते निर्जीव असते असे नाही. हे शास्त्रीय रीतीने दाखवून देणाऱ्यांत फर्डिनांड कोह्न ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे स्थान मोठे आहे. त्याचा जन्म १८२८ साली प्रशियातील ब्रेस्लाउ नगरात झाला. हे नगर आज पोलंडमध्ये आहे. तो यहुदी असल्यामुळे जन्मगावच्या विद्यापीठाने त्याला पदवी नाकारली. तेव्हा १८४७ मध्ये त्याने बर्लिनला डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ब्रेस्लाउच्याच विद्यापीठात तो प्राध्यापक झाला.

तेथील विहिरींचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्याला एक बारीक धागा आढळला. बाहेर पातळ आवरण, आत एकापुढे एक रचलेल्या पेशी आणि टोकातून सुटणारे असंख्य कण, असे त्याचे रूप होते. १८७० मध्ये कोह्नने त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला 'क्रेनोथ्रिक्स पॉलिस्पोरा' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'क्रेने' म्हणजे झरा आणि 'थ्रिक्स' म्हणजे केस.

जंतूंना ठाम जाती असतात की नाही, हाच त्या काळी वादाचा विषय होता. परिस्थितीप्रमाणे ते रूप पालटतात, असे कार्ल नेगेलीसारखे विद्वान मानीत. तसे असते, तर अमुक रोग अमुक जंतूमुळे होतो हे सिद्ध करणेच अशक्य झाले असते. जंतूंचे स्वरूप स्थिर असते, असे प्रतिपादून कोह्नने १८७२ मध्ये आकारावरून त्यांचे चार गट पाडले. १८७६ मध्ये रॉबर्ट कॉख काळपुळीच्या जंतूचे आपले प्रयोग दाखविण्यासाठी त्याच्याकडेच आला.

क्रेनोथ्रिक्स मात्र प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे वाढेना. पाण्याच्या नळांत त्याचे तपकिरी थर साचत. त्याचा उपद्रव सर्वांना ठाऊक होता, पण तो कशावर जगतो हे कळत नव्हते. अखेर २००६ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची जनुके तपासली. तो मिथेन वायूवर जगणारा निघाला आणि मिथेनभक्षक जंतूंच्या कुळात त्याचे स्थान निश्चित झाले. पुढे २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सरोवरांतून वर येणारा मिथेन हेच जीव मोठ्या प्रमाणावर फस्त करतात, असे आढळले. हवा तापविणारा हा वायू त्यामुळे पाण्यातच अडतो.

आकारावरून केलेले वर्गीकरण पुढे अपुरे ठरले. तथापि कोह्नने केलेले वर्णन इतके काटेकोर होते, की १३६ वर्षांनंतरही तोच जीव ओळखता आला. नव्या जीवाला नाव देणाऱ्याची खरी जबाबदारी हीच आहे.