२६ एप्रिल : साटुरियाची ती संध्याकाळ
१९८९. बांगलादेशच्या माणिकगंज जिल्ह्यात महिनोन्महिने पावसाचा टिपूस नव्हता. लोक आभाळाकडे डोळे लावून बसले होते. संध्याकाळी आभाळ भरून आले खरे, पण त्यातून उतरला तो दौलतपूर-साटुरिया भाग भुईसपाट करणारा टोर्नॅडो. खाली बंगालच्या उपसागरावरचे दमट वारे, वर पश्चिमेकडची कोरडी हवा. उन्हाळ्यात तिथे उसळणाऱ्या ‘कालबैशाखी’ वादळांचे मूळ हेच. एखाद्याच वादळाचा भोवरा जमिनीला टेकतो. कुडाच्या भिंती आणि पत्र्याची छपरे तग धरणार कशी? उडालेला पत्रा तर कोयत्यासारखा कापत जातो. सुमारे १,३०० माणसे गेली, १२ हजार जखमी झाली, ८० हजार बेघर. बळींच्या संख्येत जगातला सर्वांत भीषण टोर्नॅडो आजही हाच मानला जातो.