मुक्कामाचा डोंगर : पन्हाळा आणि विशाळगड

कोल्हापुरात पाहुणे आले, अंबाबाईचे दर्शन झाले, की एक प्रश्न ठरलेला असतो : आता रात्रीचा मुक्काम कोणत्या डोंगरावर करायचा? शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर पन्हाळा आहे, त्याच्या शेजारी जोतिबाचा डोंगर आहे आणि हाताशी वेळ असेल तर पश्चिमेला, आंबा घाटाच्या अंगाला, विशाळगड आहे. प्रश्न सहलीचा वाटतो आणि त्याचे उत्तरही सहसा रस्ता, खोलीचे भाडे व जेवणाची सोय पाहूनच दिले जाते. परंतु या मुलखात तो निदान साडेपाचशे वर्षे विचारला जात आहे, आणि त्याच्या उत्तरावर कधी माणसे तरली आहेत, तर कधी सैन्ये चिखलात रुतली आहेत. मराठीचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रश्नाकडे वळावे असे आम्हांस वाटते. कारण आपण वर्गात शिकवतो त्या काही ग्रंथांचा जन्म याच निवडीतून झाला आहे.

आधी भूगोल. पन्हाळा आणि विशाळगड हे दोन्ही सह्याद्रीचे किल्ले म्हणून आपण एका दमात उच्चारतो. त्यांच्या जागा मात्र निराळ्या आहेत. विशाळगड, म्हणजे पूर्वीचा खेळणा, मुख्य रांगेच्या कडेला कोकणाकडे तोंड करून उभा आहे. पन्हाळा त्या रांगेपासून पूर्वेकडे सुटलेल्या सोंडेवर, देशाकडे पाहत बसला आहे. नैर्ऋत्येचा पाऊस आधी कड्याला भिडतो आणि जसजसे पूर्वेकडे यावे तसतसा ओसरत जातो. त्यामुळे कड्यावरचा किल्ला लपायला उत्तम, पण चार महिने राहायला कठीण. एक पाऊल आत असलेला किल्ला राहायला सोयीचा, पण शत्रूला वेढा घालायलाही सोयीचा. कड्यावर आसरा आणि आतल्या डोंगरावर निवास : कोल्हापूरच्या इतिहासाचा बराच भाग या दोन टोकांमधल्या येरझारांचा आहे.

निवासाच्या बाजूने पन्हाळ्याची साक्ष जुनी आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याचा मुक्काम येथे असे. पुढे बहमनी वजीर महमूद गावान याने खेळण्यावर मोहीम काढली, तेव्हा १४६९ च्या पावसाळ्यात त्याने पन्हाळ्यावर तळ दिला, अशी नोंद आहे. खेळण्याच्या रानाची धास्ती बहमनी फौजेला आधीपासून होती. १४५३ मध्ये मलिक-उत्-तुज्जार याची फौज त्याच रानात शिरून कापली गेली होती. गावानाने तो धडा लक्षात ठेवला. पावसात कड्याशी झुंजायचे नाही, आतल्या डोंगरावर पाऊस काढायचा आणि मग पुन्हा पुढे सरकायचे, हा त्याचा हिशेब होता. खेळणा पुढे त्याच्या हाती आला.

१६६० मध्ये हाच हिशेब उलटा मांडावा लागला. मार्चपासून शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. पावसाळा सुरू झाला की वेढा ढिला पडेल, हा कोणाही जाणत्याचा अंदाज असता. सिद्दीने आपल्या सैन्याला पावसात टिकण्याची तजवीज करून तो खोटा पाडला. राहायला चांगला असलेला डोंगर आता पिंजरा झाला होता. १२ जुलैच्या रात्री महाराज सुमारे ६०० माणसांनिशी बाहेर पडले आणि निवासाचा किल्ला सोडून आसऱ्याच्या किल्ल्याकडे निघाले. शिवा काशीदाचे आत्मार्पण आणि गजापूरच्या घोडखिंडीतील बाजीप्रभू देशपांडे व बांदलांची झुंज आपल्या सर्वांना पाठ आहे. त्यामानाने एक गोष्ट कमी सांगितली जाते : विशाळगडालाही तेव्हा सुर्वे आणि दळवी यांचा वेढा पडला होता. म्हणजे एका वेढ्यातून निघून दुसरा वेढा फोडूनच मुक्कामाला पोचायचे होते. तरीही विशाळगडच निवडला गेला. भर पावसात, त्या रानाच्या तोंडाशी, मोठ्या फौजेला पाठलाग चालवणे दुष्कर होते, हे महाराजांना ठाऊक होते.

हीच वाट उलट दिशेने औरंगजेबाने चालून पाहिली. १७०१ मध्ये त्याने पन्हाळा घेतला आणि जून १७०२ मध्ये विशाळगड. तो हाती आला तोवर पाऊस सुरू झाला होता. बादशाही छावणी पन्हाळ्याकडे परत निघाली आणि जेमतेम ३० मैलांचे ते अंतर कापायला तिला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढे-नाले फुगलेले, जनावरे मरत चाललेली, तंबू चिखलात. जी वाट ४२ वर्षांपूर्वी काही शे माणसांनी एक रात्र आणि एक दिवस एवढ्यात ओलांडली होती, तीच तोफखाना, हत्ती आणि बाजारबुणग्यांसह निघालेल्या फौजेला गिळत होती. डोंगर तेच, महिनाही जवळजवळ तोच. फरक ओझ्याचा होता.

या सर्व अनुभवाचा अर्क मराठी गद्यात एके ठिकाणी उतरला आहे. रामचंद्रपंत अमात्य यांचे ‘आज्ञापत्र’ हे कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीतले, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. अमात्यांच्या घराण्याची बावड्याची जहागीर याच डोंगररांगेतली. त्यातील दुर्गप्रकरण आपण गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवतो : वाक्ये कशी आखूड आहेत, फारसी शब्द कसे मुरले आहेत, इत्यादी. ते आवश्यकच आहे. पण तो मजकूर मुळात राहण्याजोगा डोंगर कसा निवडावा याचे शिक्षण आहे. आधी पाणी पाहावे, पाणी नसेल तर किल्ला बांधण्याच्या फंदात पडू नये. आणि किल्ल्याच्या माऱ्यात येणारा शेजारचा डोंगर मोकळा सोडू नये, फोडता आला तर फोडावा, नाही तर तोही बांधून घ्यावा, असे अमात्य सांगतात.

पन्हाळ्यावर उभे राहिले की ही वाक्ये डोळ्यांसमोर येतात. शेजारचा डोंगर म्हणजे पावनगड. १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने मोजक्या साठ माणसांनिशी पन्हाळा परत घेतला; जयराम पिंड्ये यांनी त्यावर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. आणि त्यानंतर लगेच शेजारचा हा डोंगर बांधून काढण्यात आला. तेरा वर्षांपूर्वीच्या वेढ्याची आठवण त्यामागे असणारच. पाण्याचे म्हणाल तर सादोबा आणि सोमाळे ही तळी आणि तीन मजली अंधारबाव आजही पाहता येते. अंबरखान्याच्या कोठ्यांना गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे आहेत. पैकी एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावे, असे सांगतात. धान्याच्या कोठारांना नद्यांची नावे देणाऱ्या माणसांनी वेढा जवळून पाहिलेला असतो.

ताराबाईंनी १७१० च्या सुमारास पन्हाळ्यावर गादी स्थिरावली आणि किल्ला राजधानी झाला. राजधानी म्हटली की कारकून आले, शास्त्री आले, पुराणिक आले. पंतकवींतले अग्रणी मोरोपंत १७२९ मध्ये येथेच जन्मले, याचे कारण हेच. पुढे पराडकर कुटुंब बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयास गेले आणि साहित्येतिहासात ‘बारामतीचे मोरोपंत’ रूढ झाले. कवीच्या आयुष्यात पन्हाळा हा एक मुक्कामच ठरला. १७८२ मध्ये राजधानीही खाली कोल्हापुरात उतरली.

निवास गेला, आसरा तेवढा उरला होता. तोही १८४४ मध्ये संपला. महसुलाच्या नव्या व्यवस्थेने ज्यांची पिढीजात इनामे व हक्क धोक्यात आले, त्या गडकऱ्यांनी त्या वर्षी बंड केले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यास पकडून त्यांनी पन्हाळ्यावर ठेवले. १ डिसेंबर रोजी इंग्रज फौजेने पन्हाळा घेतला आणि मग चार दरवाजा पाडून टाकला. पन्हाळ्याला आज आपण गिरिस्थान म्हणतो, त्याची सुरुवात आमच्या मते या पडलेल्या दरवाजापाशी होते. ज्या डोंगराचे भय उरले नाही, तोच हवा खाण्यासाठी मोकळा झाला.

साताऱ्याच्या बाजूला हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने घडली. १८२९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली आणि तेथे इंग्रजांचे हवा खाण्याचे ठाणे वसवले. पण तेही रांगेच्या कडेला. पावसाळ्यात राहणे अशक्य. म्हणून काही दशकांनी जॉन चेसन याने पूर्वेकडच्या पाचगणीत बारमाही वस्ती उभी केली. कड्यावरून एक पाऊल आत येण्याचा हा शोध गावानाने जवळजवळ चारशे वर्षे आधी लावला होता. फरक इतकाच की एकाला तेथून युद्ध चालवायचे होते आणि दुसऱ्याला प्रकृती सांभाळायची होती.

जोतिबाच्या डोंगराने मात्र ही भाषा कधी उचलली नाही. चैत्री पौर्णिमेला सासनकाठ्या घेऊन, गुलालात न्हाऊन येणारा माणूस हवापाण्याची चौकशी करत नाही. नवस जेथे बोलला तेथेच तो उतरतो. त्याला दोन डोंगरांमध्ये निवड करायचीच नसते.

आज या निवडीला नवे अर्थ येऊन चिकटले आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत पन्हाळा आहे, विशाळगड नाही. त्याआधी एक वर्ष, जुलै २०२४ मध्ये, विशाळगडावरील अतिक्रमणांच्या वादातून पायथ्याच्या गजापुरात हिंसाचार झाला, घरे फोडली गेली. गडावर मंदिरे आहेत, बाजीप्रभूंची समाधी आहे आणि मलिक रेहानची दर्गाही आहे; तेथे रात्री कोणी राहावे, कोणी न राहावे, हाच वादाचा विषय झाला. ज्या गावाच्या खिंडीत एका पावसाळी दिवशी आसऱ्याला निघालेल्या माणसांसाठी इतरांनी प्राण दिले, तेथेच राहत्या घरांतून माणसांना पळावे लागले, ही गोष्ट शौर्यगीते म्हणताना विसरण्याजोगी नाही.

पन्हाळ्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत तीन हजारांच्या आसपास होती; तिच्या कितीतरी पट माणसे दर सुट्टीला येऊन जातात. विद्यार्थ्यांना तेथे नेताना दुर्गप्रकरणाची चार पाने बरोबर घ्यावीत, ती आधी तळ्याच्या काठी आणि मग पावनगडाकडे तोंड करून वाचावीत, एवढीच आमची सूचना आहे. राहण्याजोगे ठिकाण निवडताना अमात्यांनी देखावा विचारात घेतलेला नाही. पाणी किती आणि शेजारी कोण, एवढे दोनच प्रश्न ते विचारतात.