काळा आजार आणि आर्सेनिकच्या खालचे घर

कलकत्त्याच्या कॅम्पबेल वैद्यकीय शाळेतील ती खोली प्रयोगशाळा म्हणावी अशी नव्हतीच. वायूची जोडणी नव्हती, पाण्याचा नळ नव्हता, विजेचा दिवा नव्हता. रात्रीचे काम रॉकेलच्या कंदिलावर चाले. १९२०च्या सुमारास उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी येथेच युरिया स्टिबामाइन हे संयुग सिद्ध केले आणि काळ्या आजाराने ग्रासलेल्या आसाम-बंगालमधील असंख्य रुग्णांचे प्राण वाचले. १९२९ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पारितोषिक मात्र मिळाले नाही. ही हळहळ त्यांच्यावरील बहुतेक लेखांत भेटते. त्या रेणूने शरीरात नेमके काय केले, हे त्यामानाने क्वचितच सांगितले जाते.

काळा आजार लीशमॅनिया डोनोवानी या एकपेशीय परजीवीमुळे होतो आणि वालुमाशीच्या दंशातून पसरतो. हा परजीवी रक्तात मोकळा हिंडत नाही. रोगजंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या पोटातच तो बिऱ्हाड थाटतो. या पेशी प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा यांत दाटीने असतात, म्हणून प्लीहा फुगते, रक्त आटते, ताप हटत नाही. उपचार न झालेल्या शंभर रुग्णांपैकी पंचाण्णवांहून अधिक दगावत. औषधासमोरचा पेच यातूनच उभा राहतो: शत्रूला मारायचे, पण तो आपल्याच पहारेकऱ्याच्या पोटात बसलेला.

१९१५ साली सिसिलीत आणि कलकत्त्यात, लिओनार्ड रॉजर्स यांच्या हातून, टार्टार एमेटिक हे अँटिमनीचे संयुग शिरेतून देण्यास प्रारंभ झाला होता. ‘एमेटिक’ म्हणजे वांती करवणारे. नावातच त्याचा स्वभाव आला. त्यातील अँटिमनी त्रिसंयुजी असते आणि त्याला गंधकाची मोठी ओढ असते. परजीवीच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना ते जसे चिकटते, तसेच रुग्णाच्या प्रथिनांतील गटांनाही. हृदयावर आघात होई आणि उपचार महिनोन्‌महिने चाले.

ब्रह्मचारींनी आधार घेतला तो आर्सेनिकचा. एटोक्सिल या सेंद्रिय आर्सेनिक संयुगाचा आणि पॉल एर्लिख यांच्या कार्याचा त्या काळी बोलबाला होता. आवर्तसारणीत आर्सेनिकच्या थेट खालचे घर अँटिमनीचे. वरच्या घरातला सांगाडा तसाच ठेवून खालच्या घरातला अणू त्यात बसवला तर? युरिया स्टिबामाइन या विचारातून जन्मले. त्यातील अँटिमनी पंचसंयुजी आहे आणि सारा फरक येथेच पडतो. पंचसंयुजी अवस्थेत ते गंधकाशी फारसे झटत नाही, त्यामुळे रक्तातून जाताना त्याचा उपद्रव कमी होतो. भक्षक पेशीत आणि परजीवीत पोहोचल्यावर त्याचे क्षपण होऊन त्रिसंयुजी रूप तयार होते. म्यानातली तलवार शत्रूच्या घरात गेल्यावरच बाहेर निघावी, तसे हे. ब्रह्मचारींना हे ठाऊक नव्हते, ठाऊक असणे शक्यही नव्हते; ही उकल अनेक दशकांनंतरची.

पुढे सोडियम स्टिबोग्लुकोनेट आले. तेही पंचसंयुजीच. हिवतापासाठी झालेल्या डीडीटी फवारणीने वालुमाशाही घटल्या आणि काळा आजार विस्मृतीत गेला. फवारणी थांबली, आणि १९७०च्या दशकात उत्तर बिहारमध्ये तो परतला. या वेळी औषध हळूहळू निष्प्रभ होत गेले. मात्रा वाढवली, दिवस वाढवले, तरी शतकाच्या अखेरीस मुझफ्फरपूर परिसरात पूर्ण उपचार घेतलेल्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश रुग्ण बरे होत होते.

असे का झाले? अर्धवट उपचार हे एक कारण सांगितले जाते. २०१३ साली पुढे आलेला दुसरा तर्क मात्र रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला चकित करणारा आहे. जंतूविरहित पाणी मिळावे म्हणून बिहारमध्ये गावोगावी चापाकल, म्हणजे हातपंप, बसले आणि गंगेच्या खोऱ्यातील भूजलात अनेक ठिकाणी आर्सेनिक होते. त्रिसंयुजी आर्सेनिक व अँटिमनी परजीवीच्या पेशीत एकाच दारातून शिरतात आणि त्यांच्याशी झुंजणारी यंत्रणाही जवळपास एकच. आर्सेनिकयुक्त पाणी दीर्घकाळ पाजलेल्या उंदरांतील परजीवी खरोखरच अँटिमनीला दाद देईनासे झाले. तथापि बिहारमधील रुग्णांच्या नंतरच्या पाहणीत आर्सेनिक आणि उपचाराचे अपयश यांचा ठोस संबंध दिसला नाही. तर्क देखणा आहे एवढ्यावर तो खरा ठरत नाही, आणि हा तर्क आज सिद्ध मानता येत नाही.

२००२ साली भारतात मिल्टेफोसीनला मान्यता मिळाली. मुळात कर्करोगासाठी घडवलेला हा रेणू काळ्या आजारावरचे तोंडाने घेण्याचे पहिले औषध ठरला. सोळा कार्बनांचे तेलकट शेपूट आणि विद्युतभारित डोके, म्हणजे जवळपास साबणाचीच रचना. म्हणून तो पेशीपटलात सहज शिरतो; म्हणूनच पोट ढवळते. त्याचे अर्धायुष्य सुमारे आठवड्याचे. औषध शरीरात रेंगाळत असल्यामुळे ते गर्भाला धोक्याचे, उपचार संपल्यानंतरही काही महिने. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या खेड्यातल्या स्त्रीला देताना ही अट किती जड होती, हे सांगायला नको.

अखेर डाव फिरला तो जुन्याच औषधाने. १९५०च्या दशकात गवसलेले अँफोटेरिसिन बी परजीवीच्या पटलातील एर्गोस्टेरॉलला घट्ट धरते. मानवी पेशीतील कोलेस्टेरॉलवर त्याची पकड सैल असते, परंतु मूत्रपिंडाला इजा होण्याइतकी असतेच. शिवाय ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान मेदगोलांत, म्हणजे लायपोसोममध्ये, ते गुंफले आणि परिस्थिती पालटली. असे परके कण गिळणे हे भक्षक पेशींचे कामच. प्लीहा व यकृतातील या पेशी मेदगोल गिळतात आणि औषध आपसूक परजीवीच्या दाराशी पोहोचते. रेणू तोच, केवळ वेष्टन बदलले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, श्याम सुंदर व सहकाऱ्यांच्या बिहारमधील चाचणीत किलोमागे १० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने सुमारे ९६ टक्के रुग्ण सहा महिन्यांनंतरही रोगमुक्त होते. पूर्वी याच औषधाच्या पंधरा मात्रांसाठी महिनाभर रुग्णालयात राहावे लागे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी हा हिशेब टक्केवारीइतकाच मोलाचा.

गटपातळीवर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे भारताचे उद्दिष्ट. शेजारच्या बांगलादेशाच्या यशावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली शिक्कामोर्तब केले. मात्र बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर महिन्या-वर्षांनी फिकट चट्टे आणि गाठी उमटतात. १९२२ साली या विकाराचे वर्णन करणारेही ब्रह्मचारीच. रुग्णाला त्रास फारसा नसतो, म्हणून तो दवाखान्यात येत नाही. पण त्या चट्ट्यांतील परजीवी वालुमाशीमार्फत पुढे जाऊ शकतात. एका मात्रेचा उपचार येथे पुरत नाही. अशा रुग्णाला मिल्टेफोसीनच्या गोळ्या बारा आठवडे घ्याव्या लागतात.