खाली पडलेली किल्ली

माझ्या हातून दिवसाला चार-पाच वस्तू तरी खाली पडतात. मोबाईल, पेन, कंगवा, कुलपाची किल्ली. तुमच्याही पडत असतील, पण तुम्ही वाकता आणि उचलता. चाकाच्या खुर्चीतून जमीन फार लांब असते. मागच्या पावसाळ्यात टीव्हीचा रिमोट उचलायला वाकले आणि खुर्चीसकट पुढं कोसळले. आई बाजारात गेली होती, त्यामुळं तासभर फरशीवर पडून राहिले. तेव्हापासून मी सरळ हाक मारते, “आई, जरा ये की.” आई येते. तिचे गुडघे बासष्ट वर्षांचे आहेत. वाकताना ती काही बोलत नाही, पण गुडघे बोलतात.

मग एका रात्री मोबाईलवर तो व्हिडिओ आला. खुर्चीतल्या बाईच्या हातातून किल्ली पडते, शेजारी बसलेला लॅब्राडोर उठतो, तोंडात किल्ली उचलून तिच्या मांडीवर ठेवतो. नंतर दोरी ओढून फ्रिज उघडतो, नाकानं दिव्याचं बटण दाबतो. खाली लोकांनी बदाम टाकले होते. मला मात्र कुत्र्याच्या गोंडसपणापेक्षा दुसरंच काही दिसलं. त्या बाईनं कुणाला हाक मारली नव्हती. हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं असेल, म्हणून शोधत बसले.

आंधळ्या माणसाला वाट दाखवणारा कुत्रा त्या मानानं जुना. पहिल्या महायुद्धात विषारी वायूनं डोळे गेलेले जर्मन सैनिक घरी परतत होते, त्यांच्यासाठी 1916 साली ओल्डनबर्गला अशा कुत्र्यांची शाळा निघाली. 1928 साली मॉरिस फ्रँक हा अंध तरुण स्वित्झर्लंडहून ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन अमेरिकेत परतला आणि पुढच्याच वर्षी तिकडं ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली. पण पाय गेलेल्यांसाठी कुत्रा यायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षं लागली. एवढा उशीर का?

याचं एक कारण कुत्र्यात नाही, माणसात आहे. मणक्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलेला माणूस तेव्हा फार जगतच नसे. अंथरुणात पडून जखमा व्हायच्या, लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग व्हायचा आणि काही महिन्यांत खेळ आटोपायचा. नाझी जर्मनीतून पळून आलेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी 1944 साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला असल्या रुग्णांचा विभाग हाती घेतला. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, मूत्राशयाची काळजी घ्यायची, हातांत ताकद आणायची आणि कामाला लावायचं, असा त्यांचा खाक्या. 1948 साली त्यांनी खुर्चीतल्या रुग्णांच्या तिरंदाजीच्या स्पर्धा भरवल्या. आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ ते. माणसं जगायला लागली, तेव्हा ‘आता जगायचं कसं’ हा प्रश्न उभा राहिला.

त्याचं एक उत्तर कॅलिफोर्नियात सापडलं. 1972 साली बर्कलीत एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या साथीदारांनी स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र काढलं होतं. आमचं आयुष्य डॉक्टर किंवा नातेवाईक ठरवणार नाहीत, आम्ही ठरवू, ही त्यांची भूमिका. तिथून जवळच, सांता रोझा या गावात बॉनी बर्गिन नावाची शिक्षिका होती. ती तुर्कस्तानात शिकवून, आशियात फिरून आली होती. तिथं तिनं अपंग माणसं गाढवाचा आधार घेत चालताना, त्याच्या पाठीवर भांडीकुंडी लादून विकताना पाहिली होती. ही माणसं गरीब होती, पण रस्त्यावर होती, धंदा करत होती. तिच्या देशात असली माणसं संस्थेच्या चार भिंतींत असत. गाढव जे करतं ते कुत्रा का करणार नाही, असं तिला वाटलं. जाणकारांनी वेड्यात काढलं. तरी 1975 साली तिनं संस्था काढली. केरी नॉस नावाची, हातापायांत फारसं बळ नसलेली तरुणी आणि अब्दुल नावाचा कुत्रा ही तिची पहिली जोडी. संस्थेच्या मूळ नावातच ‘स्वातंत्र्य’ हा शब्द होता. मला गंमत याची वाटते की कल्पना गेली आपल्या खंडातून, आणि परत आली ती मोबाईलवर.

त्याच सुमारास कोल्हापुरात काय चाललं होतं? सोळा-सतरा वर्षांच्या नसीमा हुरजूक यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं, तो काळ साठच्या दशकाचा. पुढं त्यांची गाठ बंगळूरच्या बाबूकाका दिवाण यांच्याशी पडली. बाबूकाकाही खुर्चीतलेच, पण आपला व्यवसाय सांभाळणारे, हातांनी चालवता येईल अशी मोटार करून घेऊन ती स्वतः चालवणारे. त्यांना पाहून नसीमादीदींना कळलं की खुर्चीतून असंही जगता येतं. त्यांनी अबकारी खात्यात नोकरी केली आणि 1984 साली गायिका रजनी करकरे-देशपांडे आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू केली. उचगावला ‘घरौंदा’ हे वसतिगृह झालं, चाकांना पायरी आडवी येणार नाही असं बांधलेलं. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र मी दहावीच्या सुट्टीत वाचलं. तेव्हा मी चालत होते, त्यामुळं निम्मं समजलंच नव्हतं.

कॅलिफोर्नियातलं उत्तर कुत्र्याचं, आपलं उत्तर माणसांचं. एकमेकांच्या खुर्च्या ढकलणारी, एकत्र राहणारी, शिकणारी, कमावणारी माणसं. त्याशिवाय इथल्या शेकडो मुलामुलींना घराबाहेर पडताच आलं नसतं, आणि मी ते उत्तर कमी लेखणार नाही. पण वसतिगृहातून घरी आल्यावर, दुपारी दोन वाजता किल्ली खाली पडली की पुन्हा आपण आणि आई.

आपल्याकडं जनावर शिकवणारी माणसं नव्हती असं तर अजिबात म्हणता येणार नाही. ज्या कोल्हापुरात संस्थानकाळात आफ्रिकेतून आणलेले चित्ते शिकारीला शिकवले जात, तिथं कुत्र्याची काय कथा! चित्त्यानं काळवीट धरलं की रखवालदार पळीभर रक्त किंवा मांसाचा तुकडा पुढं करायचा आणि चित्ता शिकार सोडायचा. हातातलं सोडून दे, बदल्यात खायला मिळेल, हा सौदा अब्दुलच्या शिक्षणातही तोच. शेजारच्या मुधोळचे कारवानी कुत्रे तर 2016 पासून लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेले. (कारवानी किल्ली उचलेल असं मला वाटत नाही. तो सशामागं धावणारा गडी. वस्तू अलगद तोंडात धरून आणणं हा लॅब्राडोर-गोल्डनचा पिढीजात गुण.)

मग अडलं कुठं? एक तर खर्च आणि वेळ. पिल्लू वर्ष-दीड वर्ष एखाद्या कुटुंबात वाढवायचं, मग काही महिने शिक्षण, शेवटी कुत्रा आणि माणूस यांना एकत्र बसवून दोन आठवडे सराव, आणि यात बरीच कुत्री नापास होतात. दुसरं म्हणजे शिकलेला कुत्रा घेऊन जाणार कुठं? अमेरिकेत 1990 च्या कायद्याखाली असा कुत्रा हॉटेलात, दुकानात, बसमध्ये मालकाबरोबर जाऊ शकतो. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात इमारती आणि वाहतूक सुगम करण्याबद्दल बरंच लिहिलं आहे, कुत्रा सोबत नेण्याचा तसा हक्क मात्र लिहिलेला नाही. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत बसवा. मी एका डब्यात, माझे हात दुसऱ्या डब्यात.

तिसरं कारण कुणी कागदावर लिहीत नाही. आपल्याकडं घरात माणूस असतं. आई असते, वहिनी असते, ती नसेल तर कामाला येणारी मावशी. ती उचलून देते, मग कुत्रा कशाला? ‘घरात माणूस असतं’ या वाक्यातलं माणूस बहुतेक वेळा बाई असते, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. उचलून घेणाऱ्यालाही कुणी विचारत नाही. दिवसात पाचवी हाक मारायची वेळ आली की मी थांबते. पुस्तक पडलंय तर पडू दे, उद्या वाचू. तहान लागलीय तर ती येईपर्यंत कळ काढू. असं करत करत माणूस हळूहळू कमी मागायला शिकतं. कुत्र्याला पाचव्यांदा सांगताना असं होत नसणार. त्याला बिस्किट दिलं की हिशेब मिटला.

आमच्या गल्लीत मोती नावाचा गावठी कुत्रा आहे. गेले तीन महिने मी त्याला शिकवतेय. पहिल्या महिन्यात त्यानं एक चप्पल पळवली, ती अजून मिळालेली नाही. दुसऱ्या महिन्यात किल्लीला जुन्या मोज्याचा गोंडा बांधला, कारण धातू त्याला दाताखाली आवडत नाही. आता गोंडा दिसला की तो बरोबर उचलतो, शेपटी हलवत निघतो आणि किल्ली स्वयंपाकघरात नेऊन आईच्या पायाशी टाकतो. भाकरी तीच घालते ना त्याला. परवापासून भाकरीचं टोपलं मी माझ्या मांडीवर घेऊन बसते आहे.