वॉटसन्स हॉटेल (एस्प्लनेड मॅन्शन)

मुंबईतील काळा घोडा येथील ओतीव लोखंडी सांगाड्याची इमारत. मालक जॉन वॉटसन, आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. इंग्लंडमध्ये ओतलेले खांब व तुळया जहाजाने आणून १८६७–६९ दरम्यान येथे जोडल्या. हा सांगाडा दर्शनी बाजूसही उघडा ठेवला, हे त्या काळी मोठेच धाडस. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंचे सहा लघुचित्रपट येथे एक रुपया तिकिटावर दाखवले गेले. भारतातील चित्रपटप्रदर्शनाचा हा आरंभ. त्याच वर्षी मार्क ट्वेन येथे उतरले होते. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांत बिऱ्हाडे व वकिलांची कार्यालये आली. एवढ्या मोलाच्या वास्तूची दुरुस्ती मात्र अक्षम्यपणे रखडली. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली.