हवाना, १९५८ : चंदेरी मुखवटा आणि कोसळती राजवट

१९५८ सालाची अखेर. क्युबाच्या पूर्वेकडील सिएरा माएस्त्रा पर्वतराजीतून उतरलेले बंडखोर बेटाच्या मध्यभागी पोहोचत होते. राजधानी हवानात जुगारगृहे अजून रात्रभर उजळलेली होती. आणि त्याच शहराच्या एका रस्त्यावर चंदेरी मुखवटा घातलेल्या एका मेक्सिकन पहिलवानाला काही गुंड बेदम मारत होते व उचलून पळवून नेत होते. समोर कॅमेरा चालू होता.

हा प्रसंग म्हणजे 'सांतो कोंत्रा सेरेब्रो देल माल', अर्थात 'सांतो विरुद्ध दुष्ट मेंदू', या चित्रपटाची सुरुवात. अत्यल्प खर्चात उरकलेला हा गुन्हेगारी मारधाडपट. समीक्षकांनी त्याची दखल घ्यावी असे त्यात काही नव्हते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ती अवश्य घ्यावी. धागा दीर्घ आहे, पण कथा तशीच आहे.

प्रथम मुखवट्यामागचा माणूस. रोदोल्फो गुस्मान उएर्ता याचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी मेक्सिकोतील इदाल्गो प्रांतातल्या तुलान्सिंगो या गावी झाला. कुटुंब पुढे मेक्सिको सिटीच्या तेपितो या श्रमिकांच्या वस्तीत आले. तरुणपणी त्याने 'लुचा लिब्रे' या व्यावसायिक कुस्तीत निरनिराळी नावे घेऊन नशीब अजमावले. त्यांतले एक होते 'दुसरा वटवाघूळ'. मूळ 'वटवाघूळ' नावाच्या पहिलवानाने तक्रार केली आणि ते नाव सोडावे लागले. अखेर २६ जुलै १९४२ रोजी तो चंदेरी वेषात 'एल सांतो', म्हणजे 'संत', या नावाने रिंगणात उतरला.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातली कुस्ती डोळ्यांसमोर असलेल्या वाचकाला लुचा लिब्रे प्रथम विचित्र वाटेल. येथे लाल मातीचा आखाडा नाही, दोरांचे रिंगण आहे. चीतपटीइतकेच महत्त्व नाट्याला आहे. पहिलवानांचे दोन पक्ष ठरलेले असतात. नियम पाळणारे ते 'तेक्निको' आणि नियम धाब्यावर बसवणारे ते 'रूदो'. मुखवटा हा तर प्रतिष्ठेचा प्राण. मुखवटा पणाला लावून हरलेल्याला सर्वांदेखत चेहरा उघडा करावा लागतो आणि खरे नावही जगजाहीर होते. नोव्हेंबर १९५२ मध्ये सांतोने 'ब्लॅक शॅडो' या मल्लाचा मुखवटा असाच उतरवला आणि त्याचे नाव घरोघरी पोहोचले.

गंमत अशी, की 'संत' नावाचा हा पहिलवान रिंगणात प्रदीर्घ काळ 'रूदो'च होता. त्याला सज्जन बनवले ते कागदाने. १९५२ च्या सुमारास होसे क्रूस या चित्रकार-प्रकाशकाने सांतोला नायक करून साप्ताहिक चित्रकथा सुरू केली. छायाचित्रे कापून, जोडून, त्यांवर रेखाटन करून ती तयार होत असे. तिच्यातला सांतो दुबळ्यांचा कैवारी होता. म्हणजे रविवारी रिंगणात खोडसाळपणा करणारा माणूस उरलेला आठवडाभर मुलांच्या हातात देवदूत होता, आणि या विसंगतीचा कोणालाच त्रास होत नव्हता.

पडद्याची वाट मात्र सरळ नव्हती. १९५२ मध्येच मेक्सिकोत पहिलवानांच्या चित्रपटांची लाट आली. 'एल एन्मास्कारादो दे प्लाता', म्हणजे 'चंदेरी मुखवटाधारी', या चित्रपटाचे नावच सांतोच्या बिरुदावरून घेतलेले. पण सांतोने काम करण्यास नकार दिला आणि ती भूमिका 'एल मेदिको आसेसिनो' या दुसऱ्या मल्लाकडे गेली. त्याच दशकात मेक्सिको सिटीच्या प्रशासनाने दूरचित्रवाणीवरील कुस्तीचे प्रक्षेपण बंद पाडले. घरबसल्या कुस्ती पाहण्याची सवय लागलेला मोठा प्रेक्षकवर्ग त्यामुळे मोकळा झाला. ही बंदी नसती, तर पहिलवानांच्या चित्रपटांना पुढे एवढे मैदान मिळाले असते का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

अखेर सांतोला राजी केले ते फर्नांदो ओसेस या सहकाऱ्याने. ओसेस स्वतः पहिलवान, नट आणि पटकथाकार होता. योजना त्याची, आणि नायकही तोच. सांतोने केवळ साहाय्यक मुखवटाधारी व्हायचे होते. रिंगण न सोडता हे काम जमेल, या हिशेबाने सांतोने होकार दिला.

दिग्दर्शक होता होसेलितो रोद्रिगेस, आणि या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. होसेलितो व त्याचा भाऊ रोबेर्तो यांनी अमेरिकेत राहून ध्वनिमुद्रणाची स्वतःची यंत्रणा सिद्ध केली होती. मेक्सिकन बोलपटाचा पाया मानला जाणारा 'सांता' हा चित्रपट याच यंत्रणेवर ध्वनिमुद्रित झाला. तिसरा भाऊ इस्माएल याने पेद्रो इन्फांते या लोकप्रिय गायक-नटाचे गाजलेले चित्रपट दिग्दर्शित केले. एप्रिल १९५७ मध्ये इन्फांते विमान अपघातात मरण पावला, तेव्हा मेक्सिकन सिनेमाचे सुवर्णयुग ओसरू लागलेच होते. ज्या घराण्याने त्या युगाला आवाज दिला, त्याच घराण्यातला माणूस दीड वर्षाने तुटपुंज्या पैशांत मुखवट्याचा मारधाडपट काढायला हवानात आला. या कलाटणीला अधोगती म्हणणे सोपे आहे. पण बाजाराने दार बंद केल्यावर कारागीर खिडकी शोधतो, हे म्हणणे सत्याच्या अधिक जवळचे. शिवाय १९५२ च्या लाटेतला 'उराकान रामिरेस' हा पहिलवानपट होसेलितोचाच होता. विषय त्याच्या हातचा होता.

मेक्सिको आणि क्युबा यांच्यात चित्रपटांची देवाणघेवाण जुनी होती. मेक्सिकन संगीतपटांतील नीनोन सेवियासारख्या नर्तिका मूळच्या क्युबाच्या. पण त्याच समुद्रातून दुसरी एक वाहतूकही झाली होती. नोव्हेंबर १९५६ मध्ये मेक्सिकोच्या तुश्पान बंदरातून 'ग्रान्मा' नावाची छोटी नौका ८२ माणसे घेऊन क्युबाकडे निघाली. तीत फिदेल कास्त्रो व चे गेव्हारा होते. दोन वर्षांनी मेक्सिकोतून चित्रपटाचे पथक त्याच बेटावर उतरले, तेव्हा ग्रान्माच्या वाचलेल्या प्रवाशांचे युद्ध निर्णायक टप्प्यावर आले होते.

कथानक थोडक्यात असे. डॉक्टर काम्पोस हा प्रतिष्ठित शास्त्रज्ञ वस्तुतः खलपुरुष. होआकीन कोर्देरो या कसलेल्या नटाने ही भूमिका केली आहे. तो मुखवटाधारी नायकाला पळवून नेतो, औषध टोचून त्याची इच्छाशक्ती हिरावतो आणि त्याच्याकडून गुन्हे करवतो. एका शास्त्रीय सूत्राची परकीयांना विक्री करण्याचा त्याचा बेत असतो. सुटकेला येतो तो ओसेसचा 'एल इन्कोग्नितो'. हेरगिरी, परकीय हस्तक आणि मेंदूवर ताबा हे सारे शीतयुद्धाच्या बाजारातले सर्रास मिळणारे साहित्य. नवल एवढेच, की पहिलवानाच्या या चित्रपटात कुस्तीचे रिंगण एकदाही दिसत नाही.

अपहरणाचा प्रसंग मात्र हवानात तेव्हा निव्वळ कल्पित राहिला नव्हता. २३ फेब्रुवारी १९५८ रोजी कास्त्रोच्या '२६ जुलै चळवळी'च्या कार्यकर्त्यांनी जगज्जेता मोटारशर्यतपटू हुआन मान्युएल फांहिओ याला हवानातल्या हॉटेलातून पळवले होते. शर्यत संपल्यावर त्यांनी त्याला सुखरूप सोडले, पण बातिस्ताच्या राजवटीची शोभा जगभर झाली. (सांतोचे रिंगणातले पदार्पण २६ जुलैचे आणि चळवळीचे नावही २६ जुलैचे. हा निव्वळ योगायोग. तो वाचून विसरावा.)

१ जानेवारी १९५९ च्या पहाटे बातिस्ता देश सोडून पळाला. हवानात जमावाने जुगारगृहे फोडली, रस्त्यावरची पार्किंगची यंत्रेही सोडली नाहीत. ८ जानेवारीला कास्त्रोने शहरात प्रवेश केला. चित्रीकरण बरोबर त्याच्या आदल्या दिवशी संपले, असे सांतोच्या चाहत्यांत हमखास सांगितले जाते.

ही आख्यायिका इतकी नेटकी आहे, की तिच्याकडे संशयाने पाहिलेच पाहिजे. बातिस्ता पळाल्यावर कास्त्रोने सार्वत्रिक संप पुकारला होता. पहिले काही दिवस शहराचे व्यवहार थंडावले होते आणि चौकाचौकांत सशस्त्र तरुण पहारा देत होते. अशा आठवड्यात मुखवटे चढवून लुटुपुटीची मारामारी चित्रित करणे किती शक्य होते? 'आदला दिवस' हा शब्दप्रयोग लोककथेचा आहे. महत्त्वाची घटना आणि आपला नायक यांच्यातले अंतर लोककथा नेहमीच एका रात्रीवर आणून ठेवते. पथक राजवटीच्या अखेरच्या काळात हवानात होते, एवढे धरून चालावे. तेवढेही पुरेसे विलक्षण आहे.

याच पथकाने याच मुक्कामात 'सांतो कोंत्रा ओम्ब्रेस इन्फेर्नालेस' हा तस्करांवरचा दुसरा चित्रपटही उरकला. त्यातही सांतो मोजक्या प्रसंगांपुरताच आहे. दोन्ही चित्रपट १९६१ मध्ये मेक्सिकोत झळकले. तोपर्यंत क्युबात बरेच काही पालटले होते. मार्च १९५९ मध्ये नव्या सरकारने स्वतःची चित्रपट संस्था स्थापन केली होती आणि तेथील सिनेमाने अगदी निराळी वाट धरली होती. मेक्सिकोत सांतो आता खरा नायक झाला. १९६२ चा 'सांतो विरुद्ध पिशाच्च स्त्रिया' तुफान गाजला आणि त्याच्या चित्रपटांची संख्या पुढे पन्नाशीपार गेली.

त्याच १९६२ साली मुंबईत बाबूभाई मिस्त्री यांच्या 'किंग काँग'मधून दारासिंग प्रथमच नायक म्हणून पडद्यावर आले. पाठोपाठ 'फौलाद' आणि 'सॅमसन'. योगायोगाने सांतोलाही अमेरिकेत इंग्रजीत डब करताना 'सॅमसन' हेच नाव देण्यात आले. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते. परंतु स्वस्त तिकीट, श्रमिक प्रेक्षक, ठरलेला न्याय आणि अंगमेहनतीचा नायक हे गणित दोन्हीकडे सारखेच सुटले. फरक चेहऱ्याचा. दारासिंगांचा चेहराच त्यांचे भांडवल होता. सांतोचा चेहरा जानेवारी १९८४ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात ओझरता दिसला, तोही त्याने स्वतःच मुखवटा किंचित वर केला म्हणून. पुढच्या काही दिवसांतच, ५ फेब्रुवारीला, तो वारला आणि मुखवट्यासह पुरला गेला.

दोन्ही क्युबन चित्रपटांचे अलीकडे मूळ फिल्मवरून जतनकार्य झाले आणि २०१८ मध्ये 'दुष्ट मेंदू' बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. आज तो पाहताना लक्ष वारंवार मारामारीच्या मागे जाते. स्टुडिओ उभारण्याइतके पैसे नव्हते, म्हणून खऱ्या रस्त्यांवर कॅमेरा लावला गेला, आणि त्यामुळे दुकानांच्या पाट्या, अमेरिकन मोटारी व रस्त्याने जाणारी माणसे आपोआप टिपली गेली. काही आठवड्यांत नाहीशी होणार असलेल्या राजवटीचे ते साधेसुधे दिवस आहेत. सरकारी वृत्तपटात असे दिवस सहसा सापडत नाहीत, कारण तेथे कॅमेरा नेहमी व्यासपीठाकडे वळलेला असतो.

आणि एक तपशील. सांतोचे नाव शीर्षकात आले ते त्याची कीर्ती विकण्यासाठी. चित्रपटात त्याला 'एल एन्मास्कारादो', म्हणजे 'मुखवटेवाला', एवढेच म्हटले जाते.