पन्नास खुर्च्यांचं विमान

आपल्या बेळगावातल्या कितीतरी घरांचे सोयरे इंदूर-ग्वाल्हेरकडे आहेत. माझी थोरली बहीण माई लग्न होऊन इंदूरला रामबागेत गेली. 1984 मध्ये मेव्हणे वारल्याची तार आली, तेव्हा बेळगाव-मिरज अजून मीटरगेज होतं. मिरजेला गाडी बदलून पुणे, मग मुंबई, तिथून इंदूर. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. माई एवढंच म्हणाली, "उशीर झाला रे तुला."

सांबऱ्याचा विमानतळ तसा 1942 पासूनचा, दुसऱ्या महायुद्धातला. 2017 मध्ये धावपट्टी वाढली, नवीन इमारत झाली. आता मोठी विमानं येणार म्हणून आम्ही खूश! पण मे 2018 मध्ये आपली बरीच उड्डाणं हुबळीला गेली. कारण 'उडान' योजनेच्या दुसऱ्या फेरीत हुबळी होतं, बेळगाव नव्हतं.

जन्मभर बँकेत काढल्यामुळे मी हा हिशेब मांडून बघितला. समजा, एका मार्गावर रोज चाळीस माणसं आहेत. 180 खुर्च्यांच्या विमानात ती बसवली तर चार भागांतला एक भागही भरत नाही. 50 खुर्च्यांच्या विमानात तीच चाळीस म्हणजे 80 टक्के. मोठ्या विमानात दर खुर्चीमागे खर्च कमी येतो हे खरं, पण ते विमान भरलं तर! नाहीतर कंपनी काय करणार? चार दिवसांची माणसं साठवून एक उड्डाण सोडणार. लग्नकार्याला ते चालतं, आजारपण काही वाराप्रमाणे येत नाही.

'उडान'मध्ये अर्ध्या खुर्च्यांना भाड्याची मर्यादा असते, साधारण तासाच्या प्रवासाला सुरुवातीला अडीच हजार रुपये. तूट सरकार भरून देतं, तीही तीनच वर्षं. त्यासाठी गर्दीच्या मार्गांवरच्या उड्डाणांकडून आकार घेतात. 2019 च्या तिसऱ्या फेरीत बेळगाव आलं, आणि जानेवारी 2020 मध्ये स्टार एअरचं बेळगाव-इंदूर विमान सुरू झालं. ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीचं छोटं जेट, एका बाजूला एक खुर्ची, दुसऱ्या बाजूला दोन.

फेब्रुवारीत भाच्याचा फोन आला, "मामा, आई आठवण काढतेय." दुसऱ्याच दिवशीचं विमान मिळालं. दोन तासांच्या आत इंदूर! माई अंथरुणावरूनच म्हणाली, "आज लवकर आला रे तू." चार दिवस राहिलो. मार्चअखेर देशभरची विमानं थांबली. मे महिन्यात माई गेली.

यापूर्वी वायुदूत होती, 1981 साली सुरू झालेली. 19 खुर्च्यांची डॉर्निअर विमानं लहान गावांना जायची. 1993 मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. अनुदान संपलं की लहान मार्गांचं काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सभेत, निवेदनात आपण नेहमी "मोठं विमान द्या" म्हणतो. त्याऐवजी "लहान द्या, पण रोज द्या" असं मागूया. आणि मिळालं की त्यातून प्रवासही करूया. खातं उघडून व्यवहारच केला नाही, तर ते चालू राहत नाही, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.